नुसते डोंगर

आमच्या घरात भिंतीवर असा एकही फोटो नाही, ज्यात माणूस नाही. हार घातलेले आजोबा आहेत. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मधोमध उभे राहिलेले पप्पा आणि तात्या आहेत. तात्या म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. नव्या ट्रॅक्टरला हळदीकुंकू लावताना त्यांचा मुलगा, माझा दादा आहे. साखर कारखान्याचं कॅलेंडर येतं, त्यावरही बारा महिने संचालक मंडळच हसत असतं. हे सगळं मी लहानपणापासून बघत आले, पण त्याकडे कधी नीट लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर त्या दिवशी गडावर कॅमेरा गळ्यातून काढलाच नसता.

आमचं घर बावडा गावापासून आत, शेतात आहे. चारी बाजूंनी ऊस. पावसाळा संपेपर्यंत तो खिडक्यांच्या वर गेलेला असतो आणि तोड येईपर्यंत आम्हाला घरातून फक्त आकाश दिसतं. रस्ता दिसत नाही, शेजारची वस्ती दिसत नाही. कोण आलं ते मोटारसायकलच्या आवाजावरून ओळखायचं. तात्यांना हे दिवस सगळ्यात आवडतात. संध्याकाळी ओट्यावर बसून ते त्या हिरव्या भिंतीकडे समाधानाने बघत असतात. मला त्या महिन्यांत घरात कोंडल्यासारखं होतं, पण हे सांगायचं कोणाला? ज्या उसावर माझी बारामतीची इंग्रजी शाळा आणि हॉस्टेल झालं, त्याच उसाला नावं कशी ठेवायची?

शाळेच्या सहलीला एकदा आम्हाला एका गडावर नेलं होतं. मुली डबे उघडत होत्या आणि मी कड्याच्या कठड्याला धरून उभी होते. एका डोंगरामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिकट. आपल्या डोळ्यांना इतकं लांबचं दिसतं, हे मला अकराव्या वर्षी कळलं.

हॉस्टेलमध्ये मुली माझ्या 'हाय-न्हाय'ला हसायच्या. मग मी 'आहे-नाही' शिकले, तर सुट्टीत घरी आल्यावर दादा हसायला लागला. "आल्या बघा मॅडम." तेव्हापासून दोन्हीकडे कमीच बोलायचं ठरवलं. पदवीच्या निकालानंतर पप्पांनी बारामतीतून एक वापरलेला कॅमेरा आणून दिला आणि माझी मोठीच सोय झाली. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, मी कॅमेऱ्यामागे. हातात कॅमेरा असला की कोणी 'काय गं, काय करतेस सध्या?' असं विचारत नाही. 'आमचा पण काढ' एवढंच म्हणतात. त्यामुळे झालं असं की चार वर्षांत माझा स्वतःचा एकही धड फोटो नव्हता. मम्मीला ते फार खटकायचं. पाहुण्यांना दाखवायला पोरीचा फोटो नाही, हे ती महिन्यातून एकदा तरी म्हणायची.

त्या वर्षी मी पुण्यातल्या एका वर्षभराच्या फोटोग्राफी कोर्ससाठी अर्ज भरायचं ठरवलं. एकाच विषयावरचे दहा नवे फोटो मागितले होते, मूळ फायलींसकट. मी विषय घेतला डोंगररांगा. अर्जाची शेवटची तारीख दिवाळीनंतरच्या एका सोमवारी होती.

जेवताना मी हे सांगितलं, म्हणजे पप्पांना सांगितलं आणि तात्यांनी ऐकलं.

"फोटो काढायला वरीसभर काय शिकायचं?" तात्या म्हणाले. "बटन दाबलं की निघतोय की."

"तसं न्हाय तात्या," दादा म्हणाला. "मॅडमचा फोटो हलत न्हाय. आपला हलतोय. त्याचं शिक्षण असंल."

मम्मी तव्यावरून भाकरी काढत होती. "पुण्यात एकटी राहणार? खाणार काय ही? हिला साधा चहा धड येत न्हाय."

पप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "निवड झाली तर जाऊ दे. न्हाय झाली तर मग पुढचं बघू."

पुढचं काय ते ताटावर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. डाळजच्या एका स्थळाची चौकशी सुरू झालेली मला दाराआडून ऐकू आली होती. पण पप्पा एखादी गोष्ट तात्यांच्या देखत बोलले की आमच्या घरात ती पक्की होते. म्हणजे दहा फोटो चांगले आले तर मी जाणार होते. इतकं सरळ होतं ते.

डोंगर आमच्याकडे नाहीत. आमच्याकडे सगळ्यात उंच म्हणजे कारखान्याचं धुराडं आणि पाण्याची टाकी. मी दादाला म्हटलं, मला एकदा गडावर घेऊन जा, पण पहाटे वर पोचलं पाहिजे. दादाने थट्टा केली, पण लगेच तयार झाला. आणि आमच्याकडे दोन माणसं कुठे निघाली की चार होतात. तात्या म्हणाले, तोड यायच्या आत मीपण येतो, झेंड्याला हात लावून येऊ. पप्पा आले. मम्मीने दिवाळीतच पांढरे स्पोर्ट शूज घेतले होते, ती साडीखाली ते घालून निघाली. शेवटच्या तारखेआधीच्या शनिवारी दुपारी दादाच्या जीपमधून आम्ही भोरच्या बाजूला गेलो. पायथ्याच्या गावात दादाच्या ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि रविवारी उजाडायच्या आत चढायला लागलो.

तात्यांनी कानाला मफलर आणि अंगावर शाल घेतली होती. ते दर दहा पावलांवर थांबायचे, दम लागला म्हणून नाही, तर उताराकडे बॅटरी मारून बघायला.

"एवढी जमीन," ते म्हणाले, "आन् उसाचं एक टिपरू न्हाय. पाणी वर चढवलं तर?"

"चढवा की," दादा म्हणाला. "मग ऊस खाली न्यायला माकडं लावू."

"अजून किती राहिलं रे?" मम्मीने विचारलं.

"हे काय, आलंच."

"तू मगाशीबी आलंच म्हणाला होतास."

मी दादाकडची बॅटरी घेतली आणि पुढे निघाले. मागे त्यांचे आवाज लहान होत गेले. माचीवर पोचले तेव्हा पूर्वेला नुसती राखाडी रेघ होती. ट्रायपॉड माझ्याकडे नव्हता. मी धपाट्यांची पिशवी एका दगडावर ठेवली, तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि वाट बघत बसले.

त्या पाऊण तासाबद्दल मला जास्त काही लिहिता येत नाही. खाली दरीत धुकं होतं आणि त्यातून रांगा एकेक करून वर येत होत्या, आधी सगळ्यात लांबची, मग तिच्या अलीकडची. शेवटी सात मोजल्या. दर दोन मिनिटांनी रंग बदलायचा. एका फोटोत सगळ्यात जवळची रांग काळी आहे, पुढच्यात तिच्यावरचं वाळत चाललेलं गवत दिसायला लागलंय, त्याच्या पुढच्यात गवताच्या कडेला ऊन आहे आणि मागची रांग विरून चाललीय. मी साठेक फोटो काढले असतील. पण काढतानाच कळत होतं, हा घ्यायचा, हा नाही. दहा मिळाले होते. क्रमसुद्धा ठरला होता. पहिल्यांदाच मला असं वाटलं की मला जे म्हणायचं आहे ते मी कोणाच्याही मदतीशिवाय, न अडखळता म्हटलं आहे.

कॅमेऱ्यात फोटो लॉक करायची सोय असते. एक बटण दाबलं की तो फोटो पुसला जात नाही. मला ते माहीत होतं. दुसरं मेमरी कार्ड घरी लॅपटॉपमध्येच राहिलं होतं, तेही मला चढताना आठवलं होतं. तरी मी लॉकचं बटण दाबलं नाही, कारण कॅमेरा माझ्याच गळ्यात होता.

मग बाकीचे आले. तात्या माझ्यासमोरून सरळ कड्यापाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मी शेवटचा म्हणून जो फोटो काढला, त्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांची शाल आली. पुसून टाकू म्हटलं, मग म्हटलं राहू दे, घरी बघू.

वर बालेकिल्ल्यावर झेंडा आहे. तिथे सगळ्यांचा फोटो काढायचा, हे घरातून निघतानाच ठरलं होतं. ऊन वर आलं होतं आणि बाटल्या संपल्या होत्या.

"तू टाक्यावरनं पाणी घेऊन ये," मम्मी मला म्हणाली. "तवर दादा फोटोचं बघतोय. आज तूबी फोटोत पायजेस. दरवेळी पळतीस. दे तो कॅमेरा हिकडं, पाण्यात पडंल."

मी कॅमेरा काढून तिच्या गळ्यात घातला. टाकं थोडं खालच्या अंगाला होतं, आणि वर येताना भरलेल्या बाटल्या घेऊन सावकाश चढावं लागलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. वर आले तर सगळे ओळीने उभे होते आणि दादाने कॅमेरा एका दगडावर लावून ठेवला होता.

"या मॅडम, तुमचीच वाट बघतोय. कार्ड फुल म्हणत होतं तुमचं. केली जागा."

मला वाटलं चार-दोन हललेले फोटो काढून टाकले असतील. मी मम्मीशेजारी उभी राहिले. तिने माझी टोपी काढली. पिशवीतून नवी ओढणी काढली, जी तिने मला न सांगता आणली होती, आणि ती माझ्या खांद्यावर नीट बसवली. हनुवटीला हात लावून तोंड जरा डावीकडे वळवलं. वारा होता, केस उडत होते, ते ती पुन्हा पुन्हा कानामागे सारत होती.

"हस की जरा. कुणी मारलंय?"

मग सगळ्यांचा झाला. मग मम्मी आणि मी. मग मी एकटी, झेंड्यापाशी, कड्यापाशी, दगडावर बसून. मग तात्यांनी झेंड्याला हात लावला त्याचा दादाने व्हिडिओ केला, आणि तो नीट आला नाही म्हणून दुसऱ्यांदा केला. हे सगळं झाल्यावर कॅमेरा माझ्या हातात आला.

मी मागे मागे जात राहिले. मी हसतेय, मी हसत नाहीये, मम्मी माझे केस सारखे करतेय. त्याच्या मागे तात्यांची शाल आलेला तो फोटो. त्याच्या मागे जीपशेजारी उभे पप्पा, आदल्या दिवशीचे.

मधलं काही नव्हतं. मी परत पुढे आले, परत मागे गेले.

"दादा, डोंगराचे फोटो?"

"कुठलं? ते रिकामं व्हय?" तो धपाटं खात होता. "उडवलं. सगळं सारखंच होतं की, नुसतं डोंगर. तात्या हायत तो ठेवलाय बघ."

मम्मी खाली बसून चटणीची डबी उघडत होती. तिने वर बघितलं नाही. पप्पा म्हणाले, "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही. बरं."

त्या 'बरं'चा मला आजही राग येतो. ओरडायला हवं होतं. रडायला तरी हवं होतं. पण समोर चार माणसं भुकेली बसली होती, खूश होती, माझ्यामुळे आली होती, आणि मला हे सगळं कुठल्या भाषेत सुरू करायचं तेच सुचेना. ते फोटो सारखे नव्हते, एवढंच वाक्य होतं. पप्पा रस्त्यावरून जाताना नुसत्या पाचटाच्या रंगावरून सांगतात की हा ऊस कुठल्या जातीचा आणि तो कुठल्या. मला दोन्ही ऊस सारखेच दिसतात, पण म्हणून मी त्यातला एक उपटून टाकत नाही. हे असं चांगलं उत्तर मला चार दिवसांनी सुचलं, आंघोळ करताना.

मी समोर बघितलं. ऊन डोक्यावर चढलं होतं. सात रांगांच्या जागी एक पांढुरका पडदा होता. तरी पाच-सहा फोटो काढले आणि मग कार्ड पुन्हा भरलं.

सोमवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन बसले. पुसलेले फोटो परत काढायचं सॉफ्टवेअर असतं. पण पुसलेल्या जागेवर दुसरं काही उतरलं की जुनं जातं, आणि तात्यांचे दोन व्हिडिओ आणि माझे हसरे चेहरे त्याच जागेवर उतरले होते. साठांपैकी चार फोटो पूर्ण मिळाले. सहा अर्धे. वर डोंगर आणि खाली करडा पट्टा. एकात तर वरच्या बाजूला फिकट निळ्या तीन रांगा होत्या आणि खालच्या बाजूला आमच्या सगळ्यांचे पाय, त्यात मम्मीचे पांढरे शूज.

मी पप्पांकडे गेले. ते पाण्याच्या मोटारीच्या पेटीपाशी वाकून फ्यूज बघत होते.

"पप्पा, परत जावं लागेल गडावर. आजच निघायला लागेल. मी त्यांना एक दिवस मागून घेते."

"आता? उद्या तोडीचा निरोप आलाय. टोळी येणार हाय." ते सरळ उभे राहिले. "आन् डोंगर कुठं पळून चाललाय? पुढच्या महिन्यात जाऊ."

मी अर्ज चार फोटोंवर पाठवला. सोबत इंग्रजीत एक पत्र लिहिलं. घरात मला ज्या गोष्टीचं एक वाक्य बोलता आलं नाही, ती मी अनोळखी लोकांना दोन पानं समजावून सांगितली, कुठेही न अडता. आठवड्याने दोन ओळींचं उत्तर आलं. अपूर्ण अर्जांचा विचार केला जात नाही. मला शुभेच्छा होत्या.

पप्पांना सांगितलं तर ते मनापासून हळहळले. "निवड झाली असती तर पाठवलंच असतं की तुला," म्हणाले. आणि ते खरंच होतं. त्यांनी शब्द मोडला नव्हता. कोणीच काही मोडलं नव्हतं. तोड सुरू झाली, कोयत्यांचा आवाज सकाळपासून यायला लागला आणि माझा विषय मागे पडला.

दादाशी मी बोलणं टाकलं. तसंही मी फार बोलत नाही, त्यामुळे त्याला ते कळायलाच आठ दिवस लागले. "मॅडम रुसल्यात वाटतं," तो ओट्यावरून ओरडायचा. मी आत निघून जायचे. एकदा बारामतीहून येताना त्याने एक नवं मेमरी कार्ड आणलं आणि टेबलावर टाकलं. "घे. माझ्या जीपपेक्षा जास्त जागा हाय ह्यात. काढ आता पायजे तेवढं." मी ते पाकीट न फोडता खणात टाकलं. तो दारात वळून काहीतरी बोलणार होता, मग गेला.

गडावरून आल्यावर तीन आठवड्यांनी मम्मी मला बारामतीला एका फोटो स्टुडिओत घेऊन गेली. पेन ड्राइव्हवर गडावरचा माझा फोटो होता, कड्यापाशी एकटीचा. तो बायोडेटाला लावायचा होता. डाळजच्या लोकांनी फोटो मागितला होता. मुलगा लोणी देवकरच्या कंपनीत कामाला होता आणि घरची बागाईत होती.

स्टुडिओवाल्याने फोटो मोठा करून बघितला. "ताई छान आल्यात. एकदम नॅचरल. पण मागं सगळं करपल्यासारखं दिसतंय."

मागे गवत होतं. परत मिळालेले चार सोडले, तर ज्यात डोंगर स्वच्छ दिसत होता, असे माझ्याकडे दोन-तीनच फोटो होते, आणि हा त्यातला एक होता. दुपारच्या उन्हातला का होईना, पण माझ्या खांद्यामागून डोंगराची एक सोंड खाली उतरत गेलेली नीट दिसत होती.

"बॅकग्राउंड काढून टाकतो," तो म्हणाला. "प्लेन निळं ठेवू, का सीनरी टाकू? गार्डन हाय. पडदा हाय. हे बघा, बर्फाचे डोंगर हायत, खाली तळं. हे लई चालतंय."

"डोंगरच टाका," मम्मी म्हणाली. "तिला डोंगर लई आवडत्यात."

त्याने माझ्याभोवती माउस फिरवायला सुरुवात केली. खांद्यामागची सोंड गेली. गवत गेलं. मी एका पांढऱ्या चौकोनात अधांतरी उभी होते, मग माझ्यामागे बर्फ आला. मम्मी खूश होऊन खुर्ची पुढे ओढून बसली होती. आणि तिला बोलावंसं वाटलं.

"ह्या एका फोटोसाठी किती खटपट केलीय म्हाईताय का? कॅमेऱ्यात जागाच नव्हती. हिनं सगळे नुसते डोंगर काढून ठेवलेले. पोराला काय कळत न्हाय, त्यो सरसकट उडवायला निघाला होता. मी शेजारी बसून एक एक बघितला. ह्यात कोण न्हाय, काढ. ह्यात बी कोण न्हाय, काढ. ह्यात तात्या हायत, राहू दे."

स्टुडिओवाला हसला. "आमच्याकडं बी तसंच हाय. माणूस नसला तर त्यो फोटो कुणी फ्रेमच करत न्हाय."

मी मम्मीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, किंवा बघण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही. दर रविवारी ती मोबाईल घेऊन बसते, आलेली फुलं, सुविचार, दुसऱ्यांच्या पोरांचे वाढदिवस एकेक उघडून पुसते आणि घरच्यांचे फोटो ठेवते. त्याच काळजीने तिने माझे साठ डोंगर एकेक करून बघितले असतील. त्या साठ फोटोंकडे माझ्याशिवाय नीट असं फक्त तिनेच बघितलं आहे.

तिला कोर्सचं माहीत होतं. दहा फोटो पाठवायचेत हे तिने भाकरी भाजताना ऐकलं होतं. ते दहा म्हणजे हेच, हे तिला कळलं नसेल, की कळलं असेल? पुण्यात ही खाणार काय, या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिलं नव्हतं. तिने ते स्वतःच दिलं का? मी तिला हे विचारलेलं नाही. 'मला कळलंच न्हाय' म्हणाली तर चोवीस वर्षं मायलेकी असून आम्ही एकमेकींना ओळखलंच नाही, असं होईल. आणि 'व्हय' म्हणाली तर त्यानंतर तिच्या हातची भाकरी कशी खायची?

दादाने मात्र तीन आठवडे सगळं स्वतःवर घेतलं होतं. एकदाही तिचं नाव काढलं नव्हतं. घरी आल्यावर मी त्याच्यासाठी चहा केला. तो म्हणाला, "साखर टाकायची ऱ्हायलीय, मॅडम." तेवढ्यावर ते मिटलं.

फोटोची प्रिंट मी एकदा नीट बघितली. स्टुडिओवाल्याला उडणाऱ्या केसांमधून नीट कापता आलं नव्हतं. उजव्या कानापाशी, दोन-चार केसांच्या मध्ये, बर्फाऐवजी तपकिरी रंग आहे. ते गवत आहे. माहीत असल्याशिवाय कोणाला दिसणार नाही.

डाळजचे लोक आले तेव्हा आमचा ऊस गेला होता. त्यांची गाडी डांबरी रस्ता सोडून आत वळली तिथपासून खिडकीतून दिसत होती. मुलगा होता, त्याचे आईवडील, आणि पांढऱ्या टोपीतले एक चुलते. बोलायचं काम चुलत्यांचं होतं. मी पोहे दिले आणि सांगितलं तिथे बसले. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, असं सगळं विचारून झालं, त्यातल्या बहुतेकांची उत्तरं मम्मीने दिली. मग चुलत्यांनी पाकिटातून फोटो काढला आणि लांब धरून बघितला.

"फोटो झ्याक हाय. काश्मीरला गेला हुता का काय?"

"व्हय की," तात्या म्हणाले. त्यांना ते आवडलं असावं. "सगळेच गेलो हुतो. दिवाळीनंतर."

पप्पा जमिनीकडे बघत राहिले. दादाने खोकल्यासारखं केलं.

"मग थंडी असंल लई?" चुलते आता थेट माझ्याकडे वळले. "का गं पोरी? बर्फात ह्या ओढणीवर कशी हुबी राहिलीस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आतून 'बरं' येत होतं, नेहमीसारखं. मम्मीने डोळ्यांनी सांगितलं, बोल काहीतरी, हस.

"ते डोंगर बारामतीच्या स्टुडिओतले आहेत," मी म्हणाले. "माझ्यामागे खरा डोंगर होता, तो काढून टाकला. माझ्याकडे अजून होते, तेही काढून टाकले. त्यात कोणी नव्हतं म्हणून."

मग चुलते मांडीवर थाप मारून हसले. त्यांच्यामागे मुलाचे वडील हसले, तात्याही हसले, थोडे जास्तच मोठ्याने. मुलगाही हसला. तो चांगला होता दिसायला.

"आरं, पोरगी बोलती की!" चुलते म्हणाले. "आमाला वाटलं मुकीच हाय का काय. इनोदी हाय. घरात असं माणूस पायजे."

मम्मी हसली नाही. तिने चुलत्यांच्या हातातल्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरलेला मला दिसला. मग ती उठली, पोह्यांचं पातेलं घेतलं आणि चुलत्यांच्या बशीत न विचारता अजून एक डाव घातला.

"घ्या की," ती म्हणाली. "गार होत्यात."